अतिउजव्यांशी हातमिळवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातला एखादा जुना, प्रतिष्ठित उजवा पक्ष अतिउजव्यांच्या मतांवर सरकार बनवतो किंवा ठराव मंजूर करून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या वर्गांत, वाचनगटांत, वृत्तपत्रांच्या परदेश डेस्कवर तेच प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आकडे बरेच आहेत, कारण या विषयात भाषणांपेक्षा आकडे जास्त खरं बोलतात.

उजवा आणि अतिउजवा यांत फरक काय? दोघेही उजवेच ना?

जर्मनीतला सीडीयू, ऑस्ट्रियातली पीपल्स पार्टी, स्वीडनमधले मॉडरेट, नेदरलँड्समधला व्हीव्हीडी, स्पेनमधली पीपल्स पार्टी हे प्रस्थापित उजवे. कमी कर, उद्योगाला मोकळीक, कुटुंब, धर्म, शिस्त हा त्यांचा बाज. पण निवडणूक हरले की ते खुर्ची सोडतात, निकाल विरोधात गेला तरी न्यायालय मानतात, आणि ज्याच्याकडे नागरिकत्व आहे तो नागरिक, मग त्याचे आजोबा कुठले का असेनात, हे त्यांना मान्य असतं.

अतिउजवा ओळखायचा तर जाहीरनाम्यातली करांची पानं बाजूला ठेवा आणि तीन प्रकरणं वाचा: नागरिकत्व, न्यायालयं, माध्यमं. देश मूळ वंशाच्या लोकांचाच, बाकीचे कागदोपत्री नागरिक असले तरी उपरे, ही भूमिका तिथे सापडते. सोबत ‘खऱ्या जनते’च्या नावाने न्यायाधीश, पत्रकार आणि अल्पसंख्याकांचे हक्क यांच्यावर रोख असतो. काही पक्ष सीमारेषेवर बसतात. तिथे लेबलावर भांडत बसण्यापेक्षा सत्ता मिळाल्यावर त्यांनी या तीन क्षेत्रांत काय केलं ते पाहावं.

सहकार्य म्हणजे युतीचं सरकारच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मंत्रिमंडळात एकत्र बसणं ही फार पुढची गोष्ट. त्याआधी बरंच काही घडलेलं असतं: त्यांची भाषा आणि मुद्दे उचलणं, एखाद्या ठरावाला त्यांची मतं पडणार हे माहीत असून तो मांडणं, त्यांच्या मतांवर पदावर निवडून येणं, लेखी करार करून बाहेरून पाठिंबा घेणं, मग खाती वाटून घेणं, आणि शेवटी आपणच धाकटा भाऊ होणं.

इटलीत हा सगळा प्रवास एका पिढीत झाला. १९९४ मध्ये उजव्या आघाडीचे नेते बर्लुस्कोनी यांनी फॅसिस्ट वारसा सांगणाऱ्या पक्षाला सोबत घेतलं, तेव्हा मोटेची दोरी बर्लुस्कोनींच्या हातात होती. २०२२ मध्ये त्याच परंपरेतून आलेल्या जॉर्जिया मेलोनी यांच्या पक्षाला २६ टक्के मतं मिळाली, बर्लुस्कोनींच्या पक्षाला जेमतेम ८, आणि पंतप्रधान मेलोनी झाल्या.

थुरिंगियात २०२० मध्ये नेमकं काय घडलं? इतकी चर्चा का?

हे प्रकरण सावकाश समजून घ्यावं. पुढची बहुतेक प्रकरणं त्यावरून उलगडतात.

थुरिंगिया हे पूर्व जर्मनीतलं छोटं राज्य. विधानसभेच्या ९० जागांपैकी लेफ्ट (डावा पक्ष) २९, एएफडी (अतिउजवा) २२, सीडीयू २१, एसपीडी (मध्यममार्गी डावा) ८, ग्रीन (पर्यावरणवादी) ५, एफडीपी (उद्योगस्नेही उदारमतवादी) ५. आधीचे मुख्यमंत्री लेफ्टचे बोडो रामेलो. त्यांच्या आघाडीतल्या लेफ्ट, एसपीडी आणि ग्रीन या तीन पक्षांची बेरीज ४२, म्हणजे बहुमताला ४ कमी.

५ फेब्रुवारी २०२० रोजी मुख्यमंत्र्याची निवड झाली. मतदान गुप्त. पहिल्या दोन फेऱ्यांत ४६ मतं लागतात. तिसऱ्या फेरीत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. पहिल्या दोन फेऱ्यांत रामेलो ४३ आणि ४४ वर अडकले. समोर एएफडीने पुढे केलेला एक अपक्ष उमेदवार होता. तिसऱ्या फेरीत एफडीपीचे थॉमस केमेरिख उभे राहिले. निकाल लागला: केमेरिख ४५, रामेलो ४४, एक तटस्थ. आणि एएफडीच्या स्वतःच्या उमेदवाराला शून्य.

आता बेरीज करा. एफडीपी ५ आणि सीडीयू २१ मिळून २६. या दोन पक्षांचं एकूण एक मत केमेरिख यांना पडलं असं धरलं, तरी १९ मतं बाहेरून आली. गुप्त मतदानात कोणी काय केलं हे सिद्ध करता येत नाही, पण शून्याचा आकडाच सगळं सांगतो. एएफडीने आपला माणूस उभा ठेवून त्याला ऐनवेळी वाऱ्यावर सोडलं आणि मतं केमेरिख यांच्याकडे वळवली. सभागृहात लेफ्टच्या गटनेत्या सुझान हेनिग-वेल्सो पुष्पगुच्छ घेऊन केमेरिख यांच्यापर्यंत गेल्या आणि तो त्यांच्या पायांजवळ टाकून परतल्या. एएफडीचे नेते ब्यॉर्न हॉके यांनी मात्र हस्तांदोलन केलं. तो फोटो देशभर गेला.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या चॅन्सेलर, सीडीयूच्या अँगेला मर्केल यांनी परदेश दौऱ्यावरून हा प्रकार अक्षम्य असल्याचं सांगितलं. तीन दिवसांत केमेरिख यांनी राजीनामा दिला. १० फेब्रुवारीला सीडीयूच्या अध्यक्षा क्राम्प-कारेनबावर यांनी पद सोडण्याची घोषणा केली, कारण स्थानिक शाखा आपलं ऐकत नाही हे जगासमोर आलं होतं. ४ मार्चला रामेलो पुन्हा मुख्यमंत्री झाले.

पण पाठिंबा मागितलाच नव्हता, तर दोष कसला?

हा बचाव मराठी वाचकाला ओळखीचा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये महाराष्ट्राची मतमोजणी सुरू असतानाच राष्ट्रवादी काँग्रेसने भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. भाजपच्या जागा १२२, गरज १४५ ची. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, त्यामुळे कोणाचं मत कुठे गेलं याची नोंदच राहिली नाही. या उदाहरणात अतिउजवेपणाचा प्रश्न नाही. ते फक्त यंत्रणा दाखवण्यासाठी घेतलं आहे: न मागितलेला पाठिंबाही सरकार तारतो आणि देणाऱ्याला वजन देतो.

कसोटी साधी आहे. ती मतं वजा केली तर निकाल बदलतो का? बदलत असेल तर पुढचा प्रश्न: ती मतं येणार हे आधी दिसत होतं का? आणि तिसरा: ती आल्यावर पद किंवा ठराव स्वीकारला की नाकारला? थुरिंगियात पहिल्या दोन फेऱ्यांनी धोका पुरेसा दाखवून दिला होता, आणि केमेरिख यांनी निवड स्वीकारली. म्हणून दोष आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मेर्त्स यांनी काय केलं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सीडीयूचे अध्यक्ष फ्रीडरिश मेर्त्स यांनी संसदेत स्वतःच सुचवलं होतं की आधी एसपीडी आणि ग्रीनशी सहमती झालेले विषयच मतदानाला आणावेत, म्हणजे एएफडीच्या मतांवर योगायोगानेही बहुमत होणार नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी स्थलांतरावर पाच कलमी ठराव मांडला आणि तो ३४८ मतांनी, अगदी काठावर मंजूर झाला, १० तटस्थ. एएफडीची मतं नसती तर तो आपटला असता. ठराव बंधनकारक नव्हता, म्हणजे व्यवहारात हाती काहीच लागलं नाही. पण एएफडीच्या मतांवर बहुमत न करण्याचा संकेत मात्र मोडला. त्याच दिवशी त्याच सभागृहात नाझी अत्याचारांच्या बळींची स्मरणसभा झाली होती.

दोन दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक आलं. ते पडलं, कारण सीडीयूच्या काही सदस्यांनी आणि एफडीपीतल्याही काहींनी साथ दिली नाही. त्याच्या आदल्या दिवशी मर्केल यांनी जाहीर निवेदन काढून मेर्त्स यांना नोव्हेंबरच्या शब्दाची आठवण करून दिली. २३ फेब्रुवारीच्या निवडणुकीत मेर्त्स यांची आघाडी २८.५ टक्क्यांवर पहिली आली, पण एएफडी १०.४ वरून २०.८ टक्क्यांवर गेली. ही वाढ एका ठरावामुळे झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल. ती बरीच आधी सुरू झाली होती. ठरावाने ती थांबली नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

बाहेरून पाठिंब्याचा करार प्रत्यक्षात कसा चालतो?

नेदरलँड्स, २०१०. संसदेच्या १५० जागा. व्हीव्हीडी ३१ आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट २१ यांचं अल्पमतातलं सरकार, पंतप्रधान मार्क रुटे. अतिउजव्या पक्षाचे नेते गीर्ट विल्डर्स यांचे २४ बाहेरून. बेरीज ७६, बहुमतापेक्षा एकही जास्त नाही. विल्डर्स यांनी खर्चकपातीला पाठिंबा द्यायचा, बदल्यात स्थलांतराचे नियम कडक करायचे, आणि इस्लामबद्दल आपली मतं वेगळी आहेत हे दोघांनी मान्य करायचं. ही शेवटची अट नीट पाहा. भागीदाराने एका धर्माच्या नागरिकांविरुद्ध बोलत राहायचं आणि सरकारने कानावर हात ठेवायचे, हे लेखी ठरलं होतं.

एप्रिल २०१२ मध्ये पुढच्या कपातीची बोलणी चालू असताना विल्डर्स उठून गेले आणि सरकार पडलं. ख्रिश्चन डेमोक्रॅटांची सप्टेंबरच्या निवडणुकीत २१ वरून १३ वर घसरण झाली. आपल्याकडे विश्वनाथ प्रताप सिंह सरकारचं १९९० मध्ये हेच झालं होतं: बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला जबाबदारी नसते आणि निघून जायची वेळ तोच ठरवतो.

स्वीडनने वेगळी रचना काढली. १४ ऑक्टोबर २०२२ चा टिडो करार: मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल सरकारात, अतिउजवे स्वीडन डेमोक्रॅट्स बाहेर. पण बाहेर असलेला पक्षच २०.५ टक्क्यांसह या गटात सगळ्यात मोठा. पंतप्रधान क्रिस्टरसन यांचे मॉडरेट १९.१ वर. ‘बाहेर’ म्हणजे कितपत बाहेर? स्वीडन डेमोक्रॅट्सचे अधिकारी सरकारी कचेरीतल्या समन्वय कक्षात बसतात, कराराच्या विषयांवरचे मसुदे त्यांच्या हाताखालून जातात, आणि संसदेच्या न्यायविषयक समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे गेलं. क्रिस्टरसन १७६ विरुद्ध १७३ मतांनी निवडून आले, त्यामुळे यातला कोणताही धागा तुटला तरी सरकार अडचणीत. मंत्रिपदं शून्य आणि प्रभाव पुरेपूर, अशी ही मांडणी. बातमीत ‘अतिउजव्यांना सत्तेबाहेर ठेवलं’ असं लिहिणं म्हणूनच दिशाभूल करणारं आहे.

कोणतं खातं दिलं याला इतकं महत्त्व का?

मुंबईकराला हे शिकवावं लागत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर गृह खातं कोणाकडे यावर किती दिवस चर्चा रंगली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पोलीस, गुप्तवार्ता आणि फायली ज्याच्याकडे, त्याच्याकडे खरं बळ.

युरोपात या खात्याचा इतिहास काळा आहे. जानेवारी १९३० मध्ये नाझींना पहिल्यांदा राज्याचं मंत्रिपद मिळालं ते थुरिंगियात, आणि विल्हेल्म फ्रिक यांनी गृह आणि शिक्षण हीच खाती घेतली. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन होते, बाकी सगळे परंपरावादी आणि तज्ज्ञ. संख्येवर विसंबून उपचॅन्सेलर पापेन निश्चिंत राहिले. पण त्या तिघांत फ्रिक देशाचे गृहमंत्री होते आणि गोरिंग यांच्या हाती प्रशियाचे, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या राज्याचे, पोलीस होते. परंपरावाद्यांचे नेते हुगेनबर्ग यांनी अर्थव्यवस्था आणि शेती ही ‘वजनदार’ खाती घेतली. जूनच्या अखेरीस ते मंत्रिमंडळाबाहेर होते आणि त्यांचा पक्ष विसर्जित झाला होता.

अलीकडचं उदाहरण ऑस्ट्रियाचं. २०१७ मध्ये पीपल्स पार्टीचे सेबास्टियन कुर्त्स यांनी अतिउजव्या फ्रीडम पार्टीला गृह, संरक्षण आणि परराष्ट्र ही तिन्ही खाती दिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पोलिसांनी स्वतःच्याच देशाच्या गुप्तवार्ता विभागावर छापा घातला. गृहमंत्री होते फ्रीडम पार्टीचे हेर्बर्ट किकल. अतिरेकी उजव्या गटांवर नजर ठेवणारी कागदपत्रंही त्या विभागात होती. वरच्या न्यायालयाने पुढे छापे बव्हंशी बेकायदा ठरवले, पण तोवर मित्रदेशांच्या यंत्रणांचा विश्वास डळमळला होता. २०२५ च्या सुरुवातीला किकल यांच्याच नेतृत्वाखाली सरकार बनवायची बोलणी झाली, ती १२ फेब्रुवारीला फिसकटली, आणि वादाच्या केंद्रस्थानी पुन्हा गृह खातंच होतं. पीपल्स पार्टी एकदा पोळली होती, हे इथे कामी आलं.

सत्तेत घेतलं की ते निवळतात, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट. पक्ष फुटतो, पण विचार टिकतो.

ऑस्ट्रियात फेब्रुवारी २००० मध्ये पीपल्स पार्टीचे शुसेल यांनी फ्रीडम पार्टीला सोबत घेतलं. व्हिएन्नात निदर्शनं इतकी होती की मंत्री शपथविधीला भुयारी मार्गाने गेले. युरोपियन युनियनमधल्या इतर १४ देशांनी संबंध गोठवले, पण सप्टेंबरपर्यंत ते निर्बंध उठले. २००२ मध्ये फ्रीडम पार्टी २६.९ वरून १० टक्क्यांवर आपटली, २००५ मध्ये तिचे जुने नेते हायडर वेगळे झाले. शुसेल यांचं गणित बरोबर ठरलं असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच पक्ष सुमारे २९ टक्के घेऊन देशात पहिला आला.

फिनलंडमध्येही तसंच. २०१५ मध्ये अतिउजवा फिन्स पक्ष सरकारात आला. २०१७ मध्ये जहाल गटाने नेतृत्व घेतलं तेव्हा पंतप्रधान सिपिला यांनी त्यांच्यासोबत राहायला नकार दिला. २० खासदार फुटून सरकारात राहिले. २०१९ मध्ये त्या मवाळ फुटीरांना एकही जागा मिळाली नाही आणि जहाल पक्षाला ३९ मिळाल्या. २०२३ मध्ये तो पुन्हा सत्तेत आला, थेट अर्थ खात्यासह. त्यांचे एक मंत्री जुन्या वक्तव्यांमुळे दहा दिवसांत पायउतार झाले.

त्यांचे मुद्दे आपण उचलले तर मतदार परत येतात का?

फ्रान्सचा अनुभव पाहा. २००७ मध्ये प्रस्थापित उजव्यांचे उमेदवार सार्कोझी यांनी सुरक्षितता आणि स्थलांतर हे विषय जोरात घेतले आणि अतिउजव्या नॅशनल फ्रंटचे जाँ-मारी ल पेन १०.४ टक्क्यांवर आले. सगळ्यांना वाटलं, उपाय सापडला. पाच वर्षं तीच भाषा चालली, आणि २०१२ मध्ये त्यांच्या कन्या मारीन ल पेन यांना १७.९ टक्के मिळाले. एका निवडणुकीपुरती मतं येतात. पण मुद्दा वर्षानुवर्षं मध्यभागी राहिला की मतदार त्याच्या मूळ मालकाकडे जातो.

नेदरलँड्समध्ये हे अधिक वेगाने झालं. २०२३ मध्ये व्हीव्हीडीने स्थलांतराच्या प्रश्नावर सरकार पाडलं आणि नव्या नेत्या येसिलग्योझ यांनी विल्डर्स यांच्यासोबत बसायची शक्यता खुली ठेवली. तोवर विल्डर्स यांना मत म्हणजे वाया गेलेलं मत अशी समजूत होती. ती एका विधानाने गेली. विल्डर्स १७ वरून ३७ वर, व्हीव्हीडी ३४ वरून २४ वर. जुलै २०२४ मध्ये चार पक्षांचं सरकार आलं, ३ जून २०२५ रोजी विल्डर्स यांनी ते पाडलं. सोबत बसलेल्या एनएससी या नव्या पक्षाच्या आधी २० जागा होत्या. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत एकही राहिली नाही.

डेन्मार्क हे उलट उदाहरण म्हणून सांगितलं जातं. अतिउजवी डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ मध्ये २१.१ टक्के, २०२२ मध्ये २.६. पण मधल्या काळात तिचा बहुतेक कार्यक्रम डाव्यांसह सगळ्यांनी राबवला, आणि तिची मतं इतर जहाल पक्षांत विभागली. पक्ष संपला की धोरण जिंकलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

लाखो लोकांनी निवडून दिलेल्या पक्षाला वाळीत टाकणं हेच लोकशाहीविरोधी नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. मतदाराने दिलेल्या जागा मिळतात, भाषणाचा वेळ मिळतो, निधी मिळतो. सत्तेतला वाटा हा मात्र कोणाचाच हक्क नाही. तो बहुमत जमवून मिळवायचा असतो, आणि कोणासोबत बसायचं हे ठरवायचा अधिकार इतर पक्षांच्या मतदारांनाही आहे.

किंमत मोजावी लागते हे मात्र खरं. सप्टेंबर २०२४ मध्ये थुरिंगियात एएफडी ३२.८ टक्क्यांसह पहिली आली, ८८ पैकी ३२ जागा. एक तृतीयांशापेक्षा जास्त असल्यामुळे दोन तृतीयांश लागणारे निर्णय ती अडवू शकते. सीडीयूला दोन परस्परविरोधी पक्षांसोबत मोट बांधून नेमक्या ४४ जागा जमवता आल्या, बरोबर निम्म्या. सीडीयूचा २०१८ चा ठराव एएफडीबरोबरच लेफ्टशीही युती नाकारतो, त्यामुळे हात आणखी बांधलेले. असं सरकार रोज तडजोडीवर चालतं, आणि एकमेव खरा विरोधक म्हणून मिरवायची संधी बाहेरच्याला मिळते. अतिउजव्यांना सत्तेबाहेर ठेवणारी भिंत बांधणाऱ्यांनी आत राहून चांगला कारभार केला नाही, तर भिंत फार काळ टिकत नाही.

ही भिंत आधी कुठे फुटते?

नगरपालिकेत आणि प्रांतात, राजधानीत शेवटी. १९८३ मध्ये फ्रान्समधल्या द्रू या छोट्या शहरात दुसऱ्या फेरीसाठी उजव्यांनी नॅशनल फ्रंटसोबत यादी एकत्र केली आणि सत्ता मिळवली. १९९८ मध्ये चार प्रादेशिक अध्यक्ष नॅशनल फ्रंटच्या मतांवर निवडून आले. स्पेनमध्ये पीपल्स पार्टीला आधी अँडालुसियात व्हॉक्स या अतिउजव्या पक्षाचा बाहेरून पाठिंबा, मग २०२२ मध्ये कास्तिया आणि लेओनमध्ये थेट युती. जुलै २०२४ मध्ये एकट्या आलेल्या स्थलांतरित मुलांच्या वाटपावरून व्हॉक्स पाच प्रांतिक सरकारांतून बाहेर पडला.

कारण सरळ आहे. खाली कचरा, पाणी, रस्ते हे विषय असतात, माणसं एकमेकांना ओळखतात, आणि ‘इथे कसली विचारधारा’ हे पटकन पटतं. पक्षाच्या केंद्रीय ठरावात ‘सहकार्य’ म्हणजे काय हे कलमवार लिहिलेलं नसेल, तर शाखा आपल्या सोयीने अर्थ काढते. समितीतली निवड, संयुक्त ठराव, अंदाजपत्रकाला मत: प्रत्येकाबद्दल स्वतंत्र वाक्य हवं.

युरोपियन संसदेत काय चाललं आहे?

७२० सदस्य. ईपीपी (युरोपियन पीपल्स पार्टी) हा प्रस्थापित उजव्यांचा आणि संसदेतला सगळ्यात मोठा गट. उपाध्यक्षपदं आणि समित्या वाटताना पेट्रियट्ससारख्या अतिउजव्या गटांना अजून दूर ठेवलं जातं; मतदानात मात्र ईपीपी विषयानुसार बाजू बदलतो. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपन्यांवरचे पर्यावरण आणि मानवी हक्कविषयक नियम सैल करणारी भूमिका ३८२ विरुद्ध २४९ ने मंजूर झाली, आणि ते बहुमत अतिउजव्यांच्या मतांनी झालं. इथे सरकार पडायची भीती नसते, म्हणून हे कमी गाजतं.

उजव्यांनीच ठाम नकार दिल्याची उदाहरणं आहेत?

आहेत, आणि ती पुरेशी सांगितली जात नाहीत.

फिनलंड, १९३२. लापुआ या अतिउजव्या चळवळीच्या सशस्त्र लोकांनी मांत्साला इथे बंड केलं. राष्ट्राध्यक्ष स्विनहुफवुद स्वतः कट्टर परंपरावादी, त्याच चळवळीच्या जोरावर पदावर आलेले. त्यांनी रेडिओवरून लोकांना घरी जायला सांगितलं, बंड विरलं, चळवळीवर बंदी आली.

बेल्जियम, एप्रिल १९३७. अतिउजव्या रेक्स पक्षाचे नेते देग्रेल यांनी आपल्याच एका खासदाराला राजीनामा द्यायला लावून ब्रसेल्समध्ये पोटनिवडणूक घडवली. कॅथलिक पक्ष त्यांच्या मतदारांच्या सगळ्यात जवळचा; तरी त्याने उदारमतवादी आणि समाजवाद्यांसोबत पंतप्रधान व्हान झेलांड यांना पाठिंबा दिला, कार्डिनलनेही देग्रेल यांचा निषेध केला. व्हान झेलांड यांना सुमारे ७६ टक्के मतं पडली.

फ्रान्स, जून २०२४. प्रस्थापित उजव्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष एरिक सिओती यांनी ११ तारखेला परस्पर नॅशनल रॅलीशी (नॅशनल फ्रंटचं नवं नाव) युती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी मुख्यालयाला कुलूप होतं. पक्षाच्या सरचिटणीसांनी दुसऱ्या किल्लीने ते उघडलं आणि नेतृत्वाने सिओती यांना काढून टाकलं. न्यायालयाने ती हकालपट्टी स्थगित केली खरी, पण बहुसंख्य नेते त्यांच्यामागे गेले नाहीत आणि त्यांना वेगळा पक्ष काढावा लागला.

प्रत्येक वेळी १९३३ ची आठवण काढणं अतिशयोक्ती नाही का?

पुष्कळदा असते. आजच्या युरोपात रस्त्यावर खाजगी सेना नाहीत, सहा दशलक्ष बेकार नाहीत. पण एक गोष्ट जशीच्या तशी लागू होते. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी ३३.१ टक्क्यांवर होते आणि जुलैपेक्षा त्यांच्या जागा २३० वरून १९६ वर घसरल्या होत्या. मतदाराने त्यांना कधीच मुक्त निवडणुकीत बहुमत दिलं नाही. सत्ता मिळाली ती परंपरावाद्यांनी ‘आपण याला आवरू’ या खात्रीने दिली म्हणून. तुलना तेवढ्यापुरतीच करावी, पण तेवढी जरूर करावी.

महाराष्ट्रातल्या युत्या-आघाड्यांना हीच मापं लावता येतील?

पक्षांची लेबलं उचलून आणू नका. इथले पक्ष वेगळ्या इतिहासातून आले आहेत आणि पक्षांतरबंदी कायद्यामुळे आमदाराचं मत व्हिपला बांधलेलं असतं, तसं जर्मन विधानसभेत नाही. हत्यारं मात्र चालतात: कोणाची मतं वजा केल्यावर निकाल बदलतो, गृह खातं कोणाकडे, पाठिंबा लेखी आहे का, किमान समान कार्यक्रमात कोणते विषय मुद्दाम वगळले.

मुंबईत बसून निकालाची बातमी करायची तर घड्याळ कसं लावायचं, आणि काय तपासायचं?

जर्मनीत मतदान संध्याकाळी ६ ला संपतं आणि लगेच मतदानोत्तर अंदाज येतो: आपल्याकडे हिवाळ्यात रात्री १०.३०, उन्हाळ्यात ९.३०. ऑस्ट्रिया ५ वाजता, म्हणजे सप्टेंबरात रात्री ८.३०. फ्रान्स आणि स्वीडन ८ वाजता, म्हणजे उन्हाळी वेळेत ११.३०. नेदरलँड्स रात्री ९ ला, म्हणजे आपली मध्यरात्र उलटून १२.३० किंवा १.३०, रात्रीच्या आवृत्तीत ते बसत नाही.

तपासायचा क्रम असा. आधी सभागृहाच्या एकूण जागा आणि बहुमताचा आकडा लिहून काढा. मग प्रत्येक पक्षाच्या जागा. ‘पहिला आला’ आणि ‘सत्तेवर आला’ हे वेगळं ठेवा. विल्डर्स २०२३ मध्ये पहिले आले, पंतप्रधान मात्र पक्षाबाहेरचे दिक स्खोफ झाले. ठराव असेल तर बंधनकारक आहे का ते पाहा. करार झाला असेल तर मूळ मजकुरात गृह, न्याय आणि स्थलांतर ही प्रकरणं आधी वाचा, प्रस्तावना नंतर. आणि पंतप्रधानपदाचं मतदान झालं की आकडे मूळ संसदीय नोंदीतून घ्या. पहिल्या तासात वृत्तसंस्थांकडून आलेला आकडा एका-दोनाने चुकू शकतो, आणि इतक्या काठावरच्या बहुमतात एका-दोनानेच बातमी बदलते.